तपोनिधी श्रीनारायणबाबा देहूकर

श्रीपांडुरंगाच्या चरणी दंडवत घालून आणि संतसज्जनांची आज्ञा घेऊन आज ज्या सत्पुरुषाचे चरित्र सांगण्याचे योजिले आहे, त्यांचे नाव वारकऱ्यांच्या ओठांवर फारसे येत नाही. पण त्यांनी घालून दिलेल्या वाटेवर दरसाल ज्येष्ठ-आषाढात लाखो पावले पडतात. ते सत्पुरुष म्हणजे जगद्गुरू तुकाराम महाराजांचे धाकटे चिरंजीव, तपोनिधी नारायणबाबा. हे चरित्र आजच का सांगावेसे वाटले, ते आधी निवेदन करतो.

गेल्या पितृपक्षात आमच्या सोलापुरात एका देवळात कीर्तनसेवा होती. आरती झाली, बुक्का लावून झाला, मंडळी पांगली. चाळिशी उलटलेला एक माळकरी गृहस्थ मात्र खांबाला टेकून बसून राहिला होता. जवळ येऊन पाया पडला आणि भीत भीत त्याने आपली अडचण सांगितली. त्याचे वडील इथल्या एका गिरणीत कामाला होते. हा आईच्या पोटात असतानाच ते गेले. घरात त्यांचा फोटो नाही, हाताची एखादी वस्तू नाही. दरवर्षी हा तिथीला पाणी सोडतो, पान वाढतो, सगळे यथासांग करतो. पण पाणी सोडताना डोळ्यांपुढे चेहराच येत नाही. दुसऱ्यांची मुले बापाच्या आठवणीने रडतात, आपल्याला रडूही येत नाही, कारण आठवणच नाही. तेव्हा असले कोरडे श्राद्ध त्यांना पोचते काय, असे त्याने मला विचारले.

खरे सांगतो, त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. लहानपणापासून पाठशाळेत घोकलेली धर्मशास्त्रातली वचने जिभेवर आली, पण त्या माणसाच्या तोंडाकडे पाहून ती बोलवेनात. पुढच्या कीर्तनात सांगतो, एवढेच बोलून मी त्याला निरोप दिला. रात्री अंथरुणावर पडलो आणि एकदम नारायणबाबा आठवले. ज्यांनी आपल्या बापाला डोळ्यांनी कधी पाहिले नाही, त्यांनीच बापाचे एवढे मोठे स्मरण जगात मांडले, की तीनशे चाळीस वर्षे झाली तरी ते चालते आहे. तेव्हा त्या गृहस्थाला द्यावयाचे उत्तर म्हणजेच हे चरित्र समजावे.

नारायणबाबा कोणत्या कुळात जन्मले हे आधी पाहिले पाहिजे. देहूच्या या मोरे घराण्याचे मूळ पुरुष विश्वंभरबाबा. पंढरीच्या वारीचे व्रत त्यांचे. त्यांच्या भक्तीस्तव देव देहूस आले आणि आंब्याच्या बनात मूर्तिरूपाने सापडले, असे संप्रदायात सांगतात. विश्वंभरबाबांचे पुत्र हरी आणि मुकुंद. दोघे शिपाईगिरी करू लागले आणि लढाईत पडले. हरीची बायको तेव्हा गरोदर होती, तिला माहेरी धाडले होते. तिच्या पोटी विठ्ठल नावाचा मुलगा झाला आणि त्याच्यापासून पुढे वंश चालला, असे परंपरेने सांगितले जाते. म्हणजे बघा, या कुळाची वेल एकदा आधीच बापावाचून जन्मलेल्या लेकरावर तरली होती. विठ्ठलानंतर पदाजी, पदाजीनंतर शंकर, मग कान्होबा, मग बोल्होबा, आणि बोल्होबांचे पुत्र तुकोबा. वारी मात्र कोणत्याही पिढीत सुटली नाही.

तुकोबांचा जन्म शके १५३० मधला, इंग्रजी सन १६०८ चा धरतात. वडील बोल्होबा, आई कनकाई. घरी देहूची महाजनकी, शेतीवाडी, वाणसवदा आणि सावकारी. थोरले बंधू सावजी विरक्त वृत्तीचे, म्हणून तेराव्या वर्षीच दुकानाचा भार तुकोबांवर आला. सतराव्या वर्षी आईबापांचे छत्र गेले. पाठोपाठ सावजीची बायको वारली आणि सावजी तीर्थयात्रेस निघून गेले. पुढे शके १५५१-५२ चा तो भयंकर दुष्काळ आला. त्यात तुकोबांची पहिली बायको रखुमाबाई अन्नावाचून गेली, आणि थोरला मुलगा संतूही गेला.

आता पाहा, बापाच्या पश्चात तुकोबांनी काय केले? बापाने ठेवलेली सावकारी वाढवली नाही. वाडवडिलांनी पुजलेल्या देवाचे देऊळ मोडकळीला आले होते, ते त्यांनी दुरुस्त केले. आणि कर्जदारांची खतेपत्रे बाहेर काढली. धाकटे बंधू कान्होबा यांच्या वाट्याची अर्धी त्यांना दिली आणि आपल्या वाट्याची अर्धी इंद्रायणीत सोडून दिली. बोल्होबांच्या धनातले काय ठेवावे आणि काय पाण्यात टाकावे, याचा निवाडा मुलाने असा केला. ठेवले काय? तर देव आणि वारी. टाकले काय? तर लोकांच्या गळ्याला लागलेला फास. बापाचे नाव राखणे म्हणजे बापाचे सगळेच राखणे नव्हे, त्यातले जे तारक असेल तेवढे राखणे, हा धडा या घराने पहिल्यांदा इथे घालून दिला. पुढे नारायणबाबांनी तोच गिरवला.

तुकोबांच्या दुसऱ्या पत्नी जिजाबाई, ज्यांना आपण आवली म्हणतो. पुण्याच्या गुळवे घराण्यातल्या त्या लेकी. कीर्तनातून त्यांना कजाग ठरवून हशा मिळवण्याची एक खोड आम्हा कीर्तनकारांना आहे. मीही तारुण्यात ती केली आहे, आता तिची लाज वाटते. नवरा भंडाऱ्याच्या डोंगरावर ध्यानाला बसे. ही बाई घरची कामे उरकून भाकरी घेऊन उन्हातान्हात डोंगर चढे, आणि नवऱ्याने खाल्ल्यावाचून स्वतः तोंडात घास घालीत नसे. घरात दाणा नाही, पोरे भुकेली. ती विठोबावर रागावली असेल तर तो तिचा हक्कच होता. काशी, भागीरथी आणि गंगा या तीन मुली आणि महादेव व विठ्ठल हे दोन मुलगे तिने वाढवले. मुलींची लग्ने झाली. आणि मग शके १५७१ चा फाल्गुन उजाडला.

फाल्गुन वद्य द्वितीया, म्हणजे आपली बीज. सन १६५० चा मार्च महिना. त्या दिवशी तुकोबाराय वैकुंठास गेले. वय बेचाळीसच्या आसपास. त्या वेळी जिजाबाई गरोदर होत्या. गाव इंद्रायणीच्या काठी शोक करीत राहिला. बंधू कान्होबांनी त्या विरहात जे अभंग केले ते आजही गाथेत वाचायला मिळतात. भावाने भावासाठी असा शोक केलेला आपल्या वाङ्मयात क्वचितच सापडेल. कान्होबांना निदान रडायला आठवणी होत्या. त्यांनी दादाच्या हाताला धरून चालणे शिकले होते, दादाबरोबर खतेपत्रे वाटून घेतली होती. पण जिजाबाईंच्या पोटात जे लेकरू होते, त्याच्याजवळ काय होते? काहीच नव्हते. काही काळाने ते जन्मले. मुलगा झाला. त्याचे नाव नारायण ठेवले.

वाचकहो, या बाळाची स्थिती नीट ध्यानात घ्या. सगळे गाव बापाचे नाव घेते. दारावरून वारकरी जातात ते बापाचे अभंग म्हणत. टाळ धरणारे गंगारामबुवा मवाळ, वह्या लिहिणारे संताजी जगनाडे, ज्यांनी आधी विरोध केला आणि नंतर पाय धरले ते वाघोलीचे रामेश्वरभट्ट, दूर कोल्हापूरहून येऊन राहिलेल्या बहिणाबाई, अशा कितीतरी जणांना तुकोबांचा सहवास लाभला होता. ज्यांना देहाने लाभला नाही, त्या पिंपळनेरच्या निळोबारायांना स्वप्नात अनुग्रह झाला, असे आपण मानतो. या सर्वांचे तुकोबा होते. आणि ज्याचे ते सख्खे बाप, त्या नारायणाने मात्र त्यांना पाहिले नव्हते. जगाला मिळाला तो बाप घरच्या लेकराला नाही. अशा लेकराच्या मनात अढी बसली असती तर कोणी दोष दिला असता काय? माझा बाप मला टाकून गेला, मला धन नाही, शेत नाही, सावकारी नाही, उरली ती पाण्यात बुडवलेली खते, असे त्याने म्हटले असते तर व्यवहारात ते खोटे नव्हते.

दुसरी अडचण शास्त्राची. पुत्र या शब्दाची व्युत्पत्ती आम्हाला पाठशाळेत शिकवीत. पुत् नावाचा नरक, त्यातून बापाला तारतो तो पुत्र. म्हणून पिंड द्यायचा, तर्पण करायचे, गतीला लावायचे. पण ज्याचा बाप सदेह वैकुंठाला गेला, त्याने कोणाला तारायचे? ज्याला गती मिळालीच आहे त्याला आणखी कोणती गती देणार? देह मागे नाही, म्हणून समाधी नाही. देहूत तुकोबांची समाधी नाही हे आपण जाणतो. तिथे आहे ते वैकुंठगमनाचे स्थान आणि नांदुरकीचे झाड. म्हणजे मुलाने ज्या जागी डोके टेकून रडावे, अशी जागासुद्धा बापाने ठेवली नाही.

इथे मला भागवतातला परीक्षिताचा दाखला फार जवळचा वाटतो. अभिमन्यू रणात पडला तेव्हा उत्तरा गरोदर होती. अश्वत्थाम्याचे अस्त्र गर्भावर आले आणि भगवंतांनी गर्भात शिरून त्याचे रक्षण केले. तो मुलगा जन्मल्यावर ज्या त्या माणसाकडे निरखून पाही, की गर्भात ज्याला पाहिले तो हाच का? अशी परीक्षा करीत राहिला म्हणून त्याचे नाव परीक्षित पडले, असे भागवतकार सांगतात. बापाला न पाहिलेले लेकरू असेच असते. ते प्रत्येक चेहऱ्यात शोधीत राहते. नारायणबाबांच्या अंतःकरणात काय चालले होते ते कोणी लिहून ठेवलेले नाही आणि मी ते रचून सांगणार नाही. पण पुढे त्यांनी जे केले त्यावरून एवढे कळते, की त्यांचा शोध कडवट झाला नाही. संप्रदायाने त्यांना तपोनिधी म्हटले ते उगाच नव्हे. ज्या घरातला कर्ता पुरुष असा एकाएकी निघून गेला, त्या घरात वाढून त्याच्याच वाटेवर उभे राहणे, हेच केवढे तप आहे!

आता मुख्य प्रसंग. शके १६०७, म्हणजे सन १६८५. नारायणबाबांचे वय पस्तिसाच्या आसपास. त्यांनी मनाशी ठरवले, की तुकोबांची वारी चुकली असे होता कामा नये. त्यांनी पालखी सिद्ध केली. तीत तुकोबांच्या पादुका ठेवल्या. ती घेऊन ते आधी आळंदीस गेले, तिथे ज्ञानोबारायांच्या पादुका त्याच पालखीत घेतल्या, आणि टाळमृदंगाच्या गजरात पंढरपूरची वाट धरली. वारी आधी नव्हती काय? होती. ज्ञानोबारायांच्याही आधीपासून होती. गावोगावचे लोक आपापल्या पताका घेऊन जातच होते. पण संतांच्या पादुका पालखीत ठेवून, सगळ्यांनी मिळून, एका शिस्तीने चालण्याची ही रीत नारायणबाबांनी सुरू केली. ज्ञानोबा-तुकाराम हा जोडनामाचा गजरही त्यांच्याच पालखीने रूढ केला, असे संप्रदायात मानतात.

पादुका का, याचा थोडा विचार करू. रामायणात भरताने रामरायाच्या पादुका मागून घेतल्या. दशरथ पुत्रशोकाने गेले होते, थोरला भाऊ वनात होता. भरताने त्या पादुका सिंहासनावर ठेवल्या आणि आपण नंदिग्रामात चौदा वर्षे व्रतस्थ राहिला. पादुका म्हणजे जो समोर नाही त्याचे समोर असणे. नारायणबाबांनीही पादुकाच घेतल्या, पण त्यांनी त्या देव्हाऱ्यात बसवून ठेवल्या नाहीत, चालत्या केल्या. कारण आपला बाप कोण होता हे त्यांनी बरोबर ओळखले होते. तो बसणारा नव्हता, तो वारकरी होता. बापाचा चेहरा त्यांना ठाऊक नव्हता, पण बापाचे पाऊल कुठल्या वाटेने पडे ते ठाऊक होते. जे ठाऊक होते तेवढेच त्यांनी धरले.

आणि ज्ञानोबांना बरोबर का घेतले? याचे उत्तर सांगताना माझा कंठ दाटून येतो. ज्ञानोबाराय तरी कोण? विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाईंनी देहान्त प्रायश्चित्त घेतले तेव्हा पोरकी झालेली ती चार भावंडे, त्यातलेच ते. बापाचे छत्र गेले आणि थोरला भाऊ निवृत्तिनाथ गुरू झाला. ज्याला आईबाप उरले नाहीत, त्याला आज सारा महाराष्ट्र माउली म्हणतो. तुकोबाही सतराव्या वर्षी पोरके. आणि त्या दोघांच्या पादुका एका पालखीत घालून चालणारा नारायण, तो तर जन्मतःच बापावाचून. अशी तीन पोरकी लेकरे एकत्र निघाली, ती जगाच्या मायबापाला भेटायला! पंढरीच्या वाटेला पोरके कोणी राहत नाही असे आपण म्हणतो, त्याचा अर्थ हा आहे.

काळ कसला होता तेही पाहा. आम्हा सोलापूरकरांना हे विशेष सांगितले पाहिजे. याच १६८५ साली औरंगजेब बादशहा आपल्या सोलापुरात येऊन राहिला होता आणि इथूनच विजापूरच्या वेढ्यावर नजर ठेवून होता. विजापूर पुढच्या वर्षी पडले. सोलापूर ते पंढरपूर अंतर सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. म्हणजे एकीकडे हत्ती, तोफा, घोडेस्वार घेऊन दिल्लीचा बादशहा, आणि दुसरीकडे टाळ, मृदंग आणि दोन महात्म्यांच्या पादुका घेऊन देहूचा एक फकिरासारखा पुरुष. पुढे १६८९ च्या मार्चमध्ये छत्रपती संभाजी महाराजांची हत्या झाली ती तुळापुरास. तुळापूर म्हणजे इंद्रायणी जिथे भीमेला मिळते ती जागा. त्यानंतर १६९५ पासून १६९९ पर्यंत बादशहाची छावणी आपल्याच जिल्ह्यात, मंगळवेढ्याजवळ भीमेच्या काठी ब्रह्मपुरीस होती. त्या धामधुमीच्या दिवसांत पंढरपूरच्या मूर्तीलाही सुरक्षित जागी हलवावे लागले होते. असल्या वर्षांत पालखी काढायला नुसती श्रद्धा पुरत नाही, छातीही लागते.

इंद्रायणी भीमेला मिळते असे मी म्हटले, त्यावर आणखी एक विचार मनात येतो. देहूचे पाणी आळंदीवरून तुळापुरास जाते, भीमेत मिसळते, आणि तीच भीमा पंढरपुरास चंद्रभागा होते. ज्या डोहात तुकोबांनी लोकांची कर्जे बुडवली, ज्या डोहात त्यांच्या अभंगांच्या वह्या बुडाल्या आणि पुन्हा वर आल्या, त्याचे पाणी आपसूक विठोबाच्या पायाकडे वाहत होते. नारायणबाबांनी काय केले? पाणी ज्या गावाला जाते त्याच गावाला माणसांचा ओघ नेला. पाण्याला कोणी वाट शिकवली नव्हती, तशी या मुलालाही बापाने शिकवली नव्हती. उतार तिकडचा होता.

पुढे छत्रपती शाहू महाराजांच्या राज्यात देहूच्या देवस्थानाला इनाम मिळाले. पूजाअर्चा, उत्सव, पालखीचा खर्च यांची सोय लागली. ज्या घराने खते पाण्यात टाकली त्या घराच्या देवाला राजाने सनदा दिल्या. पण उत्पन्न आले की वाटणी येते आणि वाटणी आली की तंटा येतो, हा प्रपंचाचा नियमच आहे. पुढच्या पिढ्यांत वारसांमध्ये हक्कांचे वाद झाले. पुढे सन १८३२ च्या सुमारास हैबतबाबा आरफळकर यांनी आळंदीहून माउलींची पालखी वेगळी काढली. शिंद्यांच्या पदरी राहिलेले ते मोठे माउलीभक्त, आजच्या माउलींच्या सोहळ्याची शिस्त त्यांची. अशा रीतीने एका पालखीच्या दोन झाल्या. कोणाला याचे वाईट वाटते. मला विचाराल तर गंगेला दोन प्रवाह फुटले म्हणून पाणी वेगळे होत नाही. आजही वाखरीला सगळ्या पालख्या एकत्र येतात आणि दशमीला पंढरपुरात शिरतात. नाव अजूनही दोघांचे जोडीनेच घेतात. नारायणबाबांनी बांधलेली गाठ पालखीत सुटली असेल, मुखात सुटलेली नाही.

ज्येष्ठ वद्य सप्तमीला तुकोबांची पालखी आजही देहूहून निघते. आकुर्डी, पुणे, लोणी काळभोर, यवत, वरवंड, बारामती, इंदापूर असे मुक्काम करीत सराटीला येते. तिथे नीरा नदीत पादुकांना स्नान घालतात आणि पालखी आपल्या सोलापूर जिल्ह्यात अकलूजला प्रवेश करते. आपल्या भागातल्या आयाबाया त्या दिवशी पहाटेपासून वाटेवर रांगोळ्या घालून उभ्या असतात. अकलूजला गोल रिंगण, माळीनगरला उभे रिंगण, पुढे बोरगाव, पिराची कुरोली आणि मग वाखरी. सन २०२० आणि २०२१ साली महामारीमुळे पायी सोहळा होऊ शकला नाही, तेव्हा पादुका एस. टी. गाडीतून पंढरपुरास नेल्या. पण नेल्या. पायी नेता येत नाही म्हणून वारी चुकवली नाही. नारायणबाबांचा हट्ट एवढाच होता, की बापाची वारी चुकता कामा नये. तो हट्ट अशा रीतीने अजून पाळला जातो.

या वारीतली एक गोष्ट तुम्ही पाहिली असेल. दोन वारकरी भेटले की एकमेकांच्या पाया पडतात. वय पाहत नाहीत, जात पाहत नाहीत, शिक्षण पाहत नाहीत. ऐंशी वर्षांचा म्हातारा वीस वर्षांच्या पोराच्या पायाला हात लावतो. परीक्षित जसा ज्याच्या त्याच्या चेहऱ्यात शोधीत राहिला, तसे हे ज्याच्या त्याच्या पायात शोधणे आहे. बाप न पाहिलेल्या माणसाच्या पालखीत ही रीत शोभून दिसते.

आता त्या गृहस्थाकडे वळतो. तो पुढच्या एकादशीला पुन्हा कीर्तनाला आला होता. त्या दिवशी मी हेच चरित्र लावले. कीर्तन झाल्यावर त्याला जवळ बसवले आणि विचारले, की वडिलांचा चेहरा ठाऊक नाही हे खरे, पण त्यांच्याविषयी काही म्हणजे काहीच ठाऊक नाही काय? तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, की आई एकच गोष्ट सांगत असे. पगार झाला की ते गिरणीतल्या एका आजारी सोबत्याच्या घरी ज्वारी टाकून मग आपल्या घरी येत, आणि त्यावरून आईचे त्यांच्याशी भांडण होई. मी त्याला म्हटले, बाबा, झाले तर मग. हेच त्यांचे पाऊल. चेहरा नाही तर नाही, पाऊल सापडले. तिथीला पान वाढतोस ते वाढच, शास्त्राने सांगितले आहे ते सोडू नकोस. पण त्याच दिवशी कुठल्या तरी आजाऱ्याच्या दारात ज्वारीची पिशवी ठेवून ये.

श्राद्ध शब्द श्रद्धेवरून आला आहे, आठवणीवरून नव्हे. आठवण असणे हे भाग्य आहे, पण श्रद्धा असणे हे आपल्या हातात आहे. ज्यांना आठवणी आहेत त्यांचे डोळे आपोआप भरून येतात, त्यात त्यांचे कर्तृत्व थोडेच? ज्याला आठवण नाही आणि तरी जो दरवर्षी पाणी सोडतो, त्याचे पाणी कोरडे कसे म्हणावे? मला तर वाटते, ते आधी पोचत असेल.

ज्यांचे वडील डोळ्यांदेखत गेले त्यांच्याहीसाठी या चरित्रात बोध आहे. मागे राहिलेल्या मुलांना बापाचे घर हवे असते, जमीन हवी असते, बँकेतले पुस्तक हवे असते. त्यासाठी सख्खे भाऊ कोर्टाची पायरी चढतात. माझ्या पाहण्यात असे कितीतरी आहेत, आणि त्यातले काही गळ्यात तुळशीची माळ असणारे आहेत, हे सांगायला संकोच वाटतो. त्यांनी एकदा विचार करावा, की बापाचे जे आपण वाटून घेतो आहोत ते तुकोबांनी इंद्रायणीत सोडले तसले आहे, की नारायणबाबांनी खांद्यावर घेतले तसले आहे? बापाची वारी, बापाचे नेमधर्म, बापाची माणसे यांची वाटणी मागायला कोणी कोर्टात गेल्याचे मी तरी ऐकले नाही.

नारायणबाबांनी आपल्या नावाचा पंथ काढला नाही, की पालखीला आपले नाव दिले नाही. त्यांच्या कार्याकडे पाहिले तर ते स्वतः कुठेच दिसत नाहीत. दिसतात ते तुकोबा. वाहणाऱ्याने वाहिलेल्याच्या मागे असे लपून जावे, यातच पुत्रधर्माची परिसीमा आहे. यंदा सराटीहून पालखी अकलूजला येईल तेव्हा पादुकांवर डोके ठेवताना, ज्याने त्या प्रथम पालखीत ठेवल्या त्या बिनबापाच्या लेकराचेही एकदा स्मरण करावे, एवढीच वारकरी बंधुभगिनींच्या चरणी विनंती करून ही वाक्सेवा पूर्ण करतो.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल.